मुकादमाची सुई

नानांचा फोन आला तेव्हा मी शहापूरला माझ्या शिवणवर्गात होते. एका मुलीने बाही उलटी जोडली होती, ती उसवून देत होते. नानांनी मला उभ्या आयुष्यात कधी फोन केला नव्हता, त्यामुळे नाव बघूनच हातातलं काम खाली ठेवलं. पलीकडे आधी नुसताच श्वास ऐकू आला... मग म्हणाले, "शोभे, मांजराची सुई राहिलीय. कोन देनार?" मी विचारलं, "मावशी कुठंय?" पुन्हा श्वास. "ती गेली गो. सकालीच. मोरीपाशी पडली ती उठलीच नाय. मांजराला खायाला घातलंय तिनं, सुई तेवढी राहिलीय." माझी सख्खी हिरामावशी गेल्याची बातमी मला अशी कळली. आधी मांजर, मग मावशी. तिच्या थोरल्या दिराच्या तोंडून याहून बरं काही निघेल अशी अपेक्षाही नव्हती म्हणा. पण त्या क्षणी फोन हातातून भिरकावून द्यावा, तो सरळ त्यांच्या कपाळावर जाऊन बसावा, असं मला मनापासून वाटलं. त्याला आता दीड महिना होत आला. अजूनही वाटतं.

शहापूरहून मुरबाड, तिथून सिद्धगडाच्या बाजूची जीप, आणि फाट्यापासून चालत. पोचले तेव्हा ओटीवर माणसं जमली होती, बायका आत मावशीभोवती बसल्या होत्या. मावशीला अंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं होतं. मी तिच्या पायांशी डोकं टेकलं, आणि उठून सरळ तिच्या उतरवलेल्या लुगड्याला अडकवलेली किल्ली काढली. बायकांमध्ये कुजबूज झाली. भाची आली नाही तोच कपाटाच्या किल्लीला हात घालते, असं त्यांना वाटलं असणार. मी त्या किल्लीने फ्रिज उघडला, औषधाची बाटली काढली, दाराआड दडून बसलेल्या बोक्याला ओढून मांडीवर घेतलं. वाटेत बोक्याच्या कल्याणच्या डॉक्टरबाईंना फोन करून विचारून ठेवलं होतं. बोक्याला दोन घास चारले, आणि मावशीच्या उशाशी बसून त्याला इंजेक्शन दिलं. कोणीतरी म्हणालं, "मड्यापाशी हे काय चाललंय!" मी म्हटलं, "हिचंच काम करतेय." नाना दारात उभे राहून बघत होते. मान खाली घालून, पण बघत होते.

आता ही सगळी माणसं नीट सांगायला हवीत. हिरामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिला मूल नव्हतं आणि मला आई लवकर सोडून गेली, त्यामुळे आम्हा दोघींना कायम एकमेकींचाच आधार. तिचा नवरा यशवंतकाका, आणि काकाचे मोठे भाऊ नाना. भातशेती, एकच घर, मधे भिंत घालून दोन भाग केलेले, ओटी मात्र सामाईक. नानांची बायको फार वर्षांपूर्वी गेली, मुलगा भिवंडीला नोकरीला. मावशी त्या घरात आली तेव्हापासून ती थोरल्या दिराशी कधी थेट बोलली नाही. आमच्याकडे तशी रीतच होती. थोरला दीर ओटीवर आला की डोक्यावर पदर, नजर खाली, आणि सांगायचं असेल ते तिसऱ्याला सांगायचं. तिसरा हजर नसेल तर भिंतीला, उंबऱ्याला, दारातल्या कोंबडीला. "कोंबडे, भाकरी थंड होते गो," असं मावशी म्हणाली की नाना हात धुवायला उठत. नाना पण तसंच उत्तर देत. खांबाकडे बघून म्हणत, "कालवणात मीठ कमी व्हतं आज." लहानपणी मला याचं फार हसू यायचं. एका घरात राहणारी दोन माणसं एकमेकांशी खांबामार्फत बोलतात! पुढे हसू यायचं बंद झालं. कारण या रीतीमुळेच मावशीला एकदा नानांना थेट जाब विचारता आला नाही, आणि ते तिला फार महाग पडलं.

यशवंतकाकाला साखरेचा आजार होता. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरने इन्सुलिन सुरू केलं. घरात फ्रिज एकच, तो नानांच्या भागात, म्हणून बाटली तिथे राहायची. नाना गळ्यात माळ घातलेले, घरातले कर्ते, आणि त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं असा त्यांचा स्वतःबद्दलचा ठाम समज. त्यांचं म्हणणं, सुईची सवय लागते, एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही, त्यापेक्षा झाडपाला बरा. जांभळाच्या बिया वाळवून कुटायच्या, कडू किराईत उकळायचं, कारल्याचा रस काढायचा... हे सगळं ते स्वतः करत, मोठ्या हौसेने. आणि एका पावसाळ्यात काकाची सुई बंद झाली. मावशी दिवसभर लावणीच्या चिखलात, घरी आली की नवऱ्याला विचारी, तर काका म्हणे, "मीच सोडली. बरं वाटतंय मला." तिने नानांच्या कानावर जावं म्हणून खांबाला सांगितलं, भिंतीला सांगितलं, कोंबडीला तर ओरडून सांगितलं, की सुई सुरू करा. नाना ओटीवर बसून ऐकत होते आणि खांबाने काही उत्तर दिलं नाही. काकाच्या पायाला चिखलात काहीतरी लागलं, ती जखम चिघळली, मग तो बडबडायला लागला, मग शुद्ध गेली. भाद्रपदात काका गेला. आणि नाना गावभर सांगत राहिले, "यशवंतानं आपल्या मनानं सुई सोडली. कोनाचं ऐकलं नाय."

मावशीला हे वाक्य आतून खात होतं. नवरा गेल्याचं दुःख तर होतंच, पण तो आपल्या मनाने गेला, मला न विचारता मला एकटी टाकून गेला, हे तिला पचेना. कधी ती काकावर चिडायची, कधी म्हणायची, "शोभे, तो असा नव्हता गो. त्याला सुईची भीती नव्हती. काय तरी दुसरं हाय." काय आहे ते नानांनाच ठाऊक. आणि त्यांना थेट विचारायची तिला सोय नव्हती.

काका गेल्यावर मागे राहिला तो काकाचा बोका. काळा-पांढरा, भरदार, शेपटी उभी धरून दोन्ही घरांतून फेरी मारायचा, कोण काय करतंय ते बघायचा आणि काहीच करायचा नाही, म्हणून काकाने त्याचं नाव ठेवलं होतं मुकादम. एका उन्हाळ्यात मावशीचा मला फोन, "मुकादमाला साखर झाली." मी हसले. म्हटलं, मांजराला कुठे साखर होते? ती म्हणाली, "परसात राखेत मुततो तिथं मुंग्या लागल्यात. तुज्या काकाच्या वेलेला मोरीत लागल्या व्हत्या, तशाच." बोका म्हणे दिवसभर पाणी पितो, बादलीत तोंड घालून पितो, बैलांच्या दोणीतलं पितो, खातो राक्षसासारखा आणि हाडं दिसायला लागली आहेत. मागचे पाय पंजावर न टाकता घोट्यापर्यंत टेकून चालतो, बेडकासारखा. तरी मी म्हटलं, वय झालं असेल. त्यावर मावशीने जो काही माझा उद्धार केला तो इथे छापता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती कोंबड्यांच्या डालग्यात बोका घालून, वर ओलं फडकं बांधून, कल्याणला निघाली. मी मुरबाडला तिला गाठलं. जीपमधल्या माणसांना डालग्यातून म्यांव ऐकू आलं तेव्हा एकजण म्हणाला, "आजी, कोंबडी आजारी हाय वाटतं." मावशी म्हणाली, "व्हय, कावीळ झालीय."

कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण शांत. रक्त काढलं, साखर बघितली, आणि मावशीचा अंदाज खरा निघाला. बाई म्हणाल्या, "आजी, दिवसातून दोनदा इंजेक्शन द्यावं लागेल. खायला घालून मग द्यायचं. ठरलेल्या वेळीच. कदाचित आयुष्यभर." आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "काही लोकांना हे जमत नाही. तसं असेल तर आत्ताच सांगा." मला वाटलं मावशी घाबरेल. एका मांजरासाठी इतकी यातायात कोण करतं आमच्याकडे? मांजरं येतात, राहतात, जातात. मावशी म्हणाली, "सोडनारी मी नाय. सोडनारे दुसरे हायत." बाईंना काही कळलं नाही. मला कळलं, रोख नानांवर होता.

मावशी आठवडाभरात शिकली. बाटली हलवायची नाही, दोन तळहातांत धरून अलगद फिरवायची. ती देवाची वात वळावी तशी वळायची. सुईत औषध ओढायचं, हवेचा बुडबुडा टिचकीने वर घालवायचा, मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्या पायथ्याशी सुई घालायची. पहिल्या दिवशी सुई कातडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि सगळं औषध बोक्याच्या केसांवर. दुसऱ्या दिवशी बोक्याने तिचा हात ओरबाडला. मग ती त्याला आधी अंडं द्यायला लागली, तो अंड्यात गुंतला की टोचून मोकळी. काकाचं साखर मोजायचं यंत्र कपाटात पडून होतं, ते तिने बाहेर काढलं. बोक्याच्या कानाची कड तळहाताने चोळून गरम करायची, बारीक टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा. आकडा आला की मला फोन. मी डॉक्टरबाईंना विचारून तिला सांगायची. हळूहळू बोका भरला, पाणी पिणं कमी झालं, पंजांवर चालायला लागला.

पण खरी गंमत, म्हणजे माझ्या दृष्टीने गंमत, ती इंजेक्शन कुठे द्यायची त्यात होती. आतल्या खोलीत उजेड होता, टेबल होतं, मी म्हटलं तिथे दे. तिने ऐकलं नाही. सकाळ-संध्याकाळ ओटीवरच. नाना चहाचा कप घेऊन बसले की ही डोक्यावर पदर घेऊन समोरच्या पायरीवर बसायची, बोका मांडीवर, आणि मोठ्याने बोलायची. बोक्याशी. "बस रे मुकादमा. घाबरू नको. सुईनं कोन मरत नाय. सुई नाय दिली की मरतं मानूस." नाना चहा पीत. "तुला कोन बिया कुटून देईल, पाला उकलून देईल, त्याचं ऐकू नको हां. एकानं ऐकलं, तो गेला." नाना चहा पीत. उठून जावं तर ओटी त्यांचीही होती आणि उठून जाण्यात कबुली होती. ऐकून घ्यावं तर रोज दोनदा. मी एकदा म्हटलं, "मावशी, पुरे कर. म्हातारा झालाय माणूस." ती म्हणाली, "मी त्यांना काय बोलते? मी मांजराला बोलते." आणि असं हसली की मीही हसले. आमच्या मनात दया नव्हती असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. माझ्या मनात आजही नाही.

मुकादमाच्या बाबतीत खाण्याचा मोठाच घोळ होता. तो काही एका घरचा बोका नव्हता, आळीतल्या प्रत्येक घराने त्याला दूधभात घालायचा आणि साखरेला दूधभात म्हणजे विष. मावशी दारोदार फिरून सांगून आली, "मुकादमाला भात घालाल तर माज्याशी गाठ हाय." घरच्या जेवणात अंडं, कोंबडी, मीठ धुऊन काढलेली सुकट. मग श्रावण आला. नाना माळकरी, श्रावणात घराच्या आसपास मासळीचा वाससुद्धा नको. मावशीने परसात तीन दगडांची चूल मांडली आणि भर श्रावणी सोमवारी सुकट उकळली. वास सरळ ओटीवर. नाना खांबाला म्हणाले, "ह्या घरात आता देवधरम राह्यला नाय." मावशी आतून म्हणाली, "मुकादमा, तुज्या गल्यात माल नाय. तू खा." पुढे तिने औषधासाठी कुलूप असलेला छोटा फ्रिज घेतला आणि किल्ली कमरेला अडकवली. वीज गेली की बाटली ओल्या मडक्यात, आणि मडकं देवघरात. नाना दुसऱ्याच्या देवाला हात लावणार नाहीत हे तिला माहीत होतं. चालताना ती किल्ली मुद्दाम वाजवायची.

आणि एवढं करूनही नानांनी हात घातलाच. एक दिवस सकाळी मी तिथेच होते. मावशीने बोक्याला खायला घातलं, इंजेक्शन दिलं, बोका नेहमीप्रमाणे नानांच्या भागात गेला. थोड्या वेळाने परत आला तो झोकांड्या खात. तोंडाला फेस, मान एका बाजूला कललेली, आणि उंबऱ्यावर ओकला. हिरवट पाणी, त्यात सगळं खाल्लेलं. मावशीने वाकून वास घेतला आणि तिचा चेहरा जो झाला तो मी कधी विसरणार नाही. किराईत. नानांनी त्याला दुधातून काढा पाजला होता. त्यांचा काय उद्देश होता देव जाणे. मांजर काढ्याने बरं झालं तर आपण खरे ठरू, असंच असणार. पोटात अन्न नाही आणि अंगात औषध भिनलेलं, बोका तडफडायला लागला. मी घाबरून नुसतीच उभी. मावशीने मधाची बाटली आणली, बोट मधात बुडवून त्याच्या हिरड्यांवर चोळलं, पुन्हा चोळलं, "मुकादमा, डोले उघड रे..." म्हणत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, बोट चाटलं. मग मावशी उठली. पदर डोक्यावरून खाली पडला होता, तो तिने उचलला नाही. ओटीवर गेली, नानांच्या समोर उभी राहिली, आणि लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नाना, एक खाल्लंत. दुसरं खाऊ देनार नाय."

नानांच्या हातातला कप तसाच राहिला. मी दारात उभी होते, मला वाटलं आता काहीतरी होईल, म्हातारा ओरडेल, किंवा रडेल, किंवा एकदाचं खरं सांगेल. काही झालं नाही. ते उठून शेताकडे गेले. संध्याकाळी मावशी डोक्यावर पदर घेऊन पायरीवर बसली आणि पुन्हा बोक्याशीच बोलायला लागली, जसं काही घडलंच नव्हतं. त्यानंतर ती नानांशी थेट कधी बोलली नाही.

आमची शेवटची भेट साधीच झाली. मी तिला ब्लाउज शिवून नेले होते. ती परसात मिरच्या वाळवत होती. म्हणाली, "शोभे, मी गेली तर मुकादमाला शहापूरला नेऊ नको." मी म्हटलं, "मग कोण बघणार त्याला?" तिने भिंतीच्या पलीकडे मान वळवली. मी म्हटलं, "ते? ते मारतील त्याला." ती मिरच्या उलटत राहिली. "नाय मारनार. आनि मारला तर गाव बघील." मग म्हणाली, "तोंडानं कबूल करत नाय तो. हातानं तरी करू दे." हे तिने क्षमा म्हणून म्हटलं की सूड म्हणून, यावर मी गेले दीड महिना विचार करते आहे. माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्या हातांनी भावाची सुई बंद केली त्या हातांनी रोज दोनदा सुई द्यायची, तीही भावाच्या बोक्याला. याहून मोठी शिक्षा मला तरी सुचली नसती.

दहाव्यापर्यंत सुई मीच देत होते. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. हात जोडायलासुद्धा उसंत दिली नाही. सगळे म्हणाले, तृप्त गेली हो, काही इच्छा राहिली नव्हती. नानांनी सुटकेचा श्वास टाकला तो मी शेजारी उभी राहून ऐकला. मला त्या कावळ्याचा इतका राग आला! वाटलं, मावशी, हे काय केलंस? इतक्या लोकांसमोर या माणसाला थोडं तरी ताटकळत ठेवायचं होतंस. एकदा तरी त्याच्या तोंडून काहीतरी वदवून घ्यायचं होतंस. घरी आल्यावर मी फ्रिजची किल्ली नानांच्या समोर ठेवली. म्हटलं, "मी बोका नेणार नाही." ते म्हणाले, "मला नाय जमनार गो. हात कापतो माजा." मी म्हटलं, "काढा पाजताना नव्हता कापत." त्यांनी किल्ली उचलली. आळीतल्या बायका दारात उभ्या होत्या, मी मुद्दाम त्यांच्यासमोर बोलले होते.

आणखी दोन दिवस राहून मी त्यांना शिकवलं. ओल्या स्पंजवर सुई मारायला लावली, पुन्हा पुन्हा. सुईवरची रेघ दिसत नाही म्हणाले तर मी त्यांना चष्म्याचा नंबर काढायला मुरबाडला पाठवलं. माझ्या शिवणवर्गातल्या पोरींवरही मी इतकी ओरडले नसेन. आणि नंतर फोनवरून. सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉल, सुईत औषध भरून आधी मला दाखवायचं, मी हो म्हटल्यावरच टोचायचं. नेटवर्क फक्त अंगणातल्या जांभळाखाली येतं, म्हणून हा सत्तरी उलटलेला माणूस पावसात छत्री मानेत धरून जांभळाखाली उभा राहतो आणि मला सुई दाखवतो. मला पहिल्याच वेळी रेघ बरोबर दिसते. तरी मी म्हणते, "नीट दिसत नाही. पुन्हा दाखवा." ते पुन्हा दाखवतात. बोक्याच्या जिवाची काळजी म्हणून मी असं करते असं कोणाला वाटलं तर वाटू दे.

तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी मी न सांगता गेले. फाट्यावरून चालत आले, अंगणाच्या कुडाच्या कुंपणाला लागून मागून येत होते तेव्हा ओटीवरून नानांचा आवाज आला. वाटलं कोणी आलंय. कोणी नव्हतं. नाना पायरीवर बसले होते, मुकादम मांडीवर अंडं खात होता, आणि नाना त्याच्याशी बोलत होते. "खा रे... खा..." मग म्हणाले, "मुकादमा, तिला सांग. बाटली मीच फेकली व्हती. उकिरड्यात. यशवंतानं सोडली नव्हती..." मी कुडाला धरून उभी राहिले. "तो मागत व्हता. मी म्हटलं, चार दिस बघू. हिरेला सांगू नको, ती घर डोक्यावर घेईल. त्यानं नाय सांगितलं. माजा शब्द मोडला नाय त्यानं..."

त्या घरात मांजराला सांगितलेलं माणसापर्यंत पोचतं. मावशी असती तर भिंतीआडून ऐकलं असतं तिने, आणि तिला कळलं असतं की तिचा नवरा तिला टाकून गेला नव्हता, त्याला जगायचं होतं. एवढंच ऐकायला ती इतकी वर्षं त्या पायरीवर बसली होती. आणि या माणसाला ते आता सुचलं, ती नसताना! माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण ती दुःखाची कमी आणि संतापाची जास्त. वाटलं, पुढे जावं, बोका उचलावा, किल्ली घ्यावी आणि पुन्हा या दारात पाऊल टाकू नये. मरू दे म्हाताऱ्याला एकटं. मी अंगणात आले. नानांनी मला बघितलं आणि काही बोलायला तोंड उघडलं, पण मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. ओढणी डोक्यावर घेतली, पायरीवर समोर बसले, आणि बोक्याला विचारलं, "मुकादमा, विचार त्यांना, काका कितीदा मागायचा?"

नाना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्यालाच म्हणाले, "रोज."

मग त्यांनी बाटली तळहातांत फिरवली, औषध ओढलं, बुडबुडा घालवला, कातडी चिमटीत धरून सुई दिली. हात कापला नाही. तेव्हापासून मी नानांशी थेट बोलत नाही. व्हिडिओ कॉलवरसुद्धा "मुकादमा, सुई दाखव" असंच म्हणते. रविवारी जाते, मावशीच्या पायरीवर बसते, आणि दर वेळी बोक्याला एक नवा प्रश्न विचारते. शेवटच्या दिवशी काका काय म्हणाला? बाटली फेकली तेव्हा त्याने बघितलं होतं का? नाना बोक्याकडे बघून उत्तर देतात, कधी देता येत नाही तेव्हा नुसते बसून राहतात, आणि मीही उठत नाही. मुकादमाची साखर सध्या आटोक्यात आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, असंच सांभाळलं तर अजून काही वर्षं सहज काढेल. काढायलाच हवीत, कारण माझं विचारून झालेलं नाही.